नुसत्या पिवळ्या चिंध्यांचे गोधडीचे चौकोन सपाट का दिसतात? किती छटा घ्याव्यात आणि मध्ये पांढरा घालावा का?

घरात उरलेल्या पिवळ्या कापडांतून नुसत्या पिवळ्याच चौकोनांची गोधडी करायला घेतलीत, काही चौकोन शिवून झाले आणि ते लांबून एकसारखे सपाट दिसतात, असं तुम्ही लिहिलंय. शिवाय घरातलं कुणीतरी म्हणालं की एकाच ठाणातला पिवळा घेतला असता तर बरं झालं असतं. त्या शेवटच्या वाक्यासाठी मी लिहायला बसले. हेच वाक्य मी इंदुरात एका बारशात, भरल्या घरात ऐकून घेतलंय.

एका ठाणातला पिवळा घेतलात तर चादर होईल. गोधडी करायचीय ना? मग तुमच्याकडचे न जुळणारे पिवळेच कामाचे आहेत.

बाकी रंग आणि पिवळा यांत मोठा फरक आहे. निळा कितीही गडद केला तरी तो निळाच राहतो, हिरव्याचंही तसंच. पिवळा गडद करत गेलं की त्याचा राई रंग होतो, मग शेवाळी नाहीतर तपकिरी. गडद पिवळा असं काही हातात राहतच नाही. चौकोनाचा मोबाइलवर फोटो काढा आणि ब्लॅक अँड व्हाइट करून बघा. लिंबू, हळदी, आंबा सगळे एकाच फिक्या राखाडीत जातील. तुमचा सपाटपणा तिथे आहे. म्हणून पिवळ्यात फिका-गडद या जोडीवर फार भिस्त ठेवता येत नाही. हिरव्याकडे झुकलेला पिवळा आणि केशरीकडे झुकलेला पिवळा, तसाच झळझळीत पिवळा आणि मळकट पिवळा, या जोड्यांवर काम करावं लागतं.

आता बारशाचं सांगते. राजेंद्रनगरला भाचीच्या मुलीचं बारसं होतं आणि मी पिवळी दुपटी-गोधडी केली होती. सगळं कापड घरातलंच. आईची राई रंगाची महेश्वरी, पदर विरलेला पण अंग शाबूत. महेश्वरीत उभा धागा रेशमाचा आणि आडवा सुताचा असतो, त्यामुळे एकच तुकडा खिडकीकडे धरला तर एक पिवळा आणि फिरवला तर दुसरा. सासरे इंदूरच्या हुकुमचंद कापड मिलमध्ये होते. मिल १९९१ साली बंद पडली, पण त्याआधी घेतलेलं जाडसर लिंबू रंगाचं कापड सासूबाईंनी ट्रंकेत जपून ठेवलं होतं. आणि ओटीचे ब्लाउजपीस तर कुठल्या घरात नसतात! चैत्रातल्या हळदीकुंकवांनी कपाटाचा एक खण भरतो, त्यातला निम्मा पिवळाच.

चौकोन असा होता. मध्ये दीड इंचाचा आंबा रंगाचा तुकडा, त्याभोवती फिरत गेलेल्या पट्ट्या. लिंबाच्या अगदी बारीक, कारण लिंबू सगळ्यांत आधी डोळ्यात भरतो. महेश्वरीच्या रुंद. आणि प्रत्येक चौकोनात एकाच बाजूला एक मळकट पट्टी, धुऊन धुऊन मातकट झालेल्या उपरण्याची. चार चौकोन जोडले की त्या मळकट पट्ट्या मिळून एक वाट तयार व्हायची.

वन्संनी ती गोधडी पाळण्यातून उचलली, दोन्ही हातांनी पसरली आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "अगं, हिला कावीळ झाल्यासारखी दिसतेय. शीतलामाता बाजारातून एकच ठाण आणलं असतंस तर? निदान ती मळकी पट्टी तरी उसवून टाक." वन्सं कित्येक वर्षं शिवणाचे क्लास घ्यायच्या. त्यांचा धावदोरा इतका सारखा की मशीनने मारल्यासारखा वाटायचा. त्यामुळे त्या बोलल्या की बायका माना डोलवायच्या, तशा तेव्हाही डोलवल्या.

मी तिथेच त्यांना म्हटलं, वन्सं, त्या पट्टीवर तळहात ठेवा. त्यांनी ठेवला. पट्टी झाकली गेली आणि शेजारचा लिंबू विझला. हात काढल्यावर पुन्हा पेटला. माझ्या डोळ्यांना दिसलं, भाचीलाही दिसलं. वन्सं म्हणाल्या, "ट्यूबलाइटमुळे वाटतंय तसं." त्यानंतर प्रत्येक दिवाळीत, प्रत्येक केळवणात हा विषय निघालाय आणि त्यांचं उत्तर ट्यूबलाइटच्या पुढे गेलेलं नाही. तुम्हीही तुमच्या चौकोनांवर हे करून बघा. दिवसा, खिडकीशी करा, म्हणजे कुणाला ट्यूबलाइटचं नाव घेता येणार नाही.

दिव्याखाली रंग फसवतात हे मात्र खरंच आहे. दुकानातल्या उजेडात हुबेहूब जुळलेले दोन पिवळे दारात आणले की एक हिरवट निघतो. म्हणून तुकडे दारात नेऊनच निवडा. काही छटा कमी पडत असतील तर मॅचिंग सेंटरमध्ये जा. तिथे रुबियाचे, म्हणजे ब्लाउजच्या पातळ कापडाचे, गठ्ठे रंगांच्या ओळीने लावलेले असतात. लेमन, मँगो, हल्दी, गोल्डन, मस्टर्ड अशी नावं दुकानदार भराभर सांगेल. मीटर घ्यायची गरज नाही, पाव मीटर मागा. कुरकुर करतात पण देतात. टेरिकॉट आणि सॅटिन मात्र उचलू नका, गोधडीत ते घामट होतात.

छटा किती, असं विचारलंत. आकड्यात अडकू नका, पण लिंबू, आंबा आणि राई यांच्याशिवाय चौकोन शिवायला बसू नका, आणि एक मळकट हवाच. जुन्या झालेल्या मोतिया परकराचा, पिवळट पडलेल्या धोतराचा, कशाचाही चालेल. मळकट पट्टीला जागा नाही म्हणणाऱ्या माणसाने पिवळ्याला हात लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. लिंबू आणि केशरीकडे झुकलेला आंबा मात्र शेजारी-शेजारी लावू नका, ते भांडतात. मध्ये राई घाला.

छापील कापड असेल तर पांढरे ठिपके असलेला पिवळा लांबून फिका दिसतो, तो फिक्यातच धरा. लाल बुट्टीचा पिवळा लांबून केशरी होतो.

हळदीच्या समारंभातल्या साडीचा तुकडा घालायचा मोह होईल. आठवण म्हणून वेगळा जपा, गोधडीत नको. हळदीचा रंग साबणाने लालसर होतो आणि उन्हात विटतो, आणि गोधडी तर दर वेळी साबणातून उन्हात जाणार. मिठाच्या पाण्यात भिजवून रंग पक्का होतो हे खोटं आहे. ओल्या तुकड्यावर पांढरा रुमाल घासा, रंग उतरला तर तो तुकडा बाजूला ठेवा. पिवळा स्वतः फारसा त्रास देत नाही, दुसऱ्याचा रंग मात्र चटकन घेतो. म्हणून अस्तर लाल किंवा गर्द निळं लावू नका.

वन्संच्या म्हणण्यात एक गोष्ट बरोबर आहे आणि ती मी त्यांच्यासमोरही मान्य करते. एका ठाणाचं कापड सारख्या जाडीचं असतं आणि सारखंच आटतं. निरनिराळ्या चिंध्या घेतल्यात की रुबिया, जाडं सुती आणि महेश्वरी तिन्ही वेगवेगळी ओढतात. त्यामुळे कापण्याआधी सगळं धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्या. रेशीम असलेला तुकडा तान्ह्या बाळाच्या रोज धुवायच्या दुपट्यात घालूच नका. माझ्या गोधडीत चालला, कारण ती भाचीने हाताने, गार पाण्यात धुतली. पातळ रुबियाच्या खाली जुन्या धोतराचा एक थर द्या, नाहीतर आतली शिवण वरून काळपट रेघेसारखी दिसते. शिवणीची आतली पट्टीही इस्त्रीने राईच्या बाजूला वळवा, लिंबाच्या बाजूला नको.

पांढऱ्याचं राहिलं. पांढराशुभ्र घालू नका, त्याच्याशेजारी सगळे पिवळे जुनाट दिसतात. अगदी हवाच असेल तर मोतिया घ्या आणि तो चौकोनांच्या मधल्या पट्ट्यांत ठेवा, चौकोनाच्या आत नको. वरून टाके घालायला राई रंगाचा दोरा घ्या. लिंबू दोरा लिंबावर दिसतच नाही आणि मळकट पट्टीवर वर आल्यासारखा दिसतो.