प्लेटिंगच्या (धातूचा मुलामा देणाऱ्या) छोट्या कारखान्यात पर्यावरण व्यवस्थापनाचं नियोजन कुठून सुरू करावं?

ग्राहक आयएसओ १४००१ (पर्यावरण व्यवस्थापनाचं आंतरराष्ट्रीय मानक) मागतोय म्हणून कन्सल्टंटकडून तयार फाइल विकत घेऊ नका. तिच्यात धोरण पानंच्या पानं असतं, तुमच्या ईटीपीचा (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेचा) मात्र पत्ता नसतो. आधी प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतिपत्र, म्हणजे कारखाना चालवायची परवानगी, बाहेर काढून समोर ठेवा. प्रत्येक अटीपुढे ती कोण पाळतो आणि नोंद कुठे होते, हे लिहा. बरंचसं नियोजन तिथेच उरकतं.

मग शॉप फ्लोअरवर उभे राहा. जिग (सुटे भाग अडकवायची चौकट) प्लेटिंगच्या टाकीतून वर काढल्यावर ऑपरेटर तो निथळू देतो का? घाईत तसाच धुण्याच्या टाकीत बुडवला की निकेल-क्रोमचं द्रावण पाण्यात जातं. म्हणजे रसायन वाया, ईटीपीवर भार आणि वर गाळ वाढतो तो वेगळाच. काही सेकंद निथळू दिलं आणि धुण्याच्या एका वाहत्या टाकीऐवजी उलट प्रवाहाच्या (जिग पुढे जातो, पाणी शेवटच्या टाकीतून मागे येतं) दोन-तीन टाक्या लावल्या, तर पाणी खूपच कमी लागतं. माझ्या मते तुमचं पहिलं उद्दिष्ट हेच असावं, आणि तेही आकड्यात: दर चौरस मीटर प्लेटिंगमागे किती लिटर. (पाण्याला मीटरच नसेल तर आधी तो बसवा!)

तारखा भिंतीवर लावा: पर्यावरण विवरणपत्र, म्हणजे फॉर्म ५, दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत, घातक गाळ आवारात ९० दिवसांपेक्षा जास्त ठेवायचा नाही.

आणि हे सगळं सेफ्टी ऑफिसरच्या गळ्यात मारू नका. पाण्याचा आकडा प्रॉडक्शन मॅनेजरकडूनच मागा, दर महिन्याला.