आभार मानावेत, की धन्यवाद द्यावेत?

प्रश्न असा आहे: 'आभार व्यक्त करणे' हा प्रयोग बरोबर आहे का, आणि रोज कुणाचे तरी आभार मानायची सवय लावायची तर आभार, धन्यवाद, कृतज्ञता यांपैकी कोणता शब्द धरावा? घरच्यांना 'धन्यवाद' म्हटलं की परकेपणा वाटतो, असंही प्रश्नकर्तीनं लिहिलं आहे.

पहिला भाग लवकर उरकतो. मराठीत आभार मानतात, धन्यवाद देतात, कृतज्ञता व्यक्त करतात. 'आभार व्यक्त केले' हल्ली सर्रास दिसतं आणि त्यावर मी फुली मारणार नाही, पण तिथे 'मानले' जास्त चपखल बसतं. आभार या संस्कृतातून आलेल्या शब्दात 'भार' आहे, कुणी केलेल्या उपकाराचा. तो आपल्यावर आहे हे आपण मान्य करतो, म्हणून मानणे. धन्यवाद म्हणजे 'धन्य' असं म्हणणं, समोरच्याची वाखाणणी. ती त्याला द्यायची असते. त्यामुळे 'आभार दिले' मात्र कानाला खटकतंच.

आता सवयीचं. मला इथे कृतज्ञ हा शब्द सगळ्यांत कामाचा वाटतो, तो रोज उच्चारायचा म्हणून नाही (बोलण्यात तो भाषणासारखा वाटेल), त्याच्या घडणीसाठी. कृत म्हणजे केलेलं, ज्ञ म्हणजे जाणणारा. त्याच्या उलट कृतघ्न. त्यातला 'घ्न' म्हणजे नाश करणारा, शत्रुघ्नात आहे तोच. म्हणजे कुणी आपल्यासाठी काय केलं हे नेमकं ओळखणं हा कृतज्ञतेचा गाभा. आणि बोली मराठी हे फार सुंदर करते. 'बरं झालं आलीस, एकटीनं मला सुचलंच नसतं.' 'तू होतास म्हणून निभावलं.' 'तुझ्यामुळे वेळेवर पोचले रे.' यात आभार नाही, धन्यवाद नाही, तरी ऐकणाऱ्याला सगळं पोचतं, कारण केलेली गोष्ट वाक्यात आली आहे. 'म्हणून' आणि 'मुळे' या दोघांच्या आधारानं सवय लावा, असं मी आग्रहानं सांगेन. घरच्या माणसांशी बोलताना तर हाच प्रयोग वापरावा; त्यात परकेपणा शिरत नाही. अनोळखी माणसाला किंवा कार्यालयात 'धन्यवाद' म्हणावं, सुटसुटीत आहे. 'थँक्यू' आता मराठीत इतकं रुळलंय की त्याचा बाऊ करण्यात अर्थ नाही.

समोरून बहुधा 'त्यात काय एवढं!' किंवा 'आभार कसले मानतेस?' असं उत्तर येईल. नव्यानं सवय लावणारी माणसं यानं ओशाळतात आणि गप्प बसतात. बसू नका. आपण मानलेला भार तो माणूस प्रेमानं आपल्या डोक्यावरून उतरवतोय, एवढाच त्याचा अर्थ.

'उतरवणे'वरून उतराई आठवतो. उतराई होणे म्हणजे उपकारातून मोकळं होणं, ऋण फेडणं. तुकोबांच्या 'काय सांगों आतां संतांचे उपकार' या अभंगात तो लगेच पुढच्या चरणात येतो, 'काय द्यावें त्यांसी व्हावें उतराई'. संतांच्या पायी जीव ठेवला तरी तो थोडाच, असं ते म्हणतात. इतका वजनदार शब्द कुणी फाइल पाठवल्याबद्दल खर्ची घालू नये. 'मी आपला ऋणी आहे' याचंही तेच. मोठ्या उपकारासाठी हे शब्द राखून ठेवले, तर त्या दिवशी त्यांचं वजन जाणवेल.

लेखी आभार मानताना एक पाहा: शब्द 'मनःपूर्वक' असा आहे, विसर्गासह. 'मनपूर्वक' नाही. विसर्गाची धास्ती वाटत असेल तर 'मनापासून' लिहा. मला तरी तोच अधिक जवळचा वाटतो.