स्मार्टफोनचे ग्राहक-रिव्ह्यू: कोणाचे, कशाबद्दल आणि केव्हाचे मानावेत

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांसाठी 25,000 रुपयांच्या आतला फोन घ्यायचा आहे. निवडलेल्या दोन मॉडेलांपैकी एक गेल्याच महिन्यात बाजारात आले असून त्याला 4.4 स्टार आहेत. दुसरे साधारण दहा महिन्यांपूर्वीचे असून त्याला 4.1 स्टार आहेत आणि त्याखाली ‘मोबाईल तापतो’, ‘नेटवर्क जाते’ अशा तक्रारीही आहेत. धाकटे बंधू म्हणतात की हे सगळे रिव्ह्यू पैसे देऊन लिहून घेतलेले असतात, तेव्हा ते वाचण्यात वेळच घालवू नये. बंधूंच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण त्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. माझ्या मते प्रत्येक रिव्ह्यूला एकच प्रश्न विचारावा: लिहिणाऱ्याला हे लिहिताना नेमके काय ठाऊक असणे शक्य होते? या कसोटीवर आपल्या उदाहरणातले 4.1 हे 4.4 पेक्षा अधिक भरवशाचे ठरतात.

आधी बंधूंच्या शंकेबद्दल. विकत घेतलेली मते हा प्रकार खरा आहे आणि जुनाही आहे. तैवानच्या व्यापार आयोगाने 2013 मध्ये सॅमसंगला एक कोटी तैवानी डॉलरचा दंड ठोठावला होता, कारण एचटीसी या प्रतिस्पर्धी कंपनीच्या फोनांची निंदा आणि स्वतःच्या फोनांची स्तुती करण्यासाठी इंटरनेटवर माणसे नेमली गेली होती. ॲमेझॉनवरून 2021 मध्ये ऑकी आणि एमपॉ या बऱ्यापैकी नावाजलेल्या ब्रँडांचा माल उतरवला गेला, तोही रिव्ह्यूंमधल्या गैरप्रकारांच्या पार्श्वभूमीवर. आपल्याकडचा नमुना तर अनेकांनी हाताळला असेल. शे-दोनशे रुपयांचे कव्हर किंवा टेम्पर्ड ग्लास मागवले की पाकिटातून एक गुळगुळीत कार्ड निघते, त्यावर पाच तारे छापलेले असतात आणि रिव्ह्यूचा स्क्रीनशॉट अमुक व्हॉट्सॲप क्रमांकावर पाठवल्यास पन्नास रुपये परत मिळतील असे लिहिलेले असते. टेलिग्रामवरच्या गटांत याची सुधारित आवृत्ती चालते. सदस्याने आपल्याच खात्यावरून पूर्ण पैसे भरून वस्तू मागवायची, फोटोसह पाच स्टार द्यायचे, त्याची लिंक मध्यस्थाला पाठवायची आणि मग यूपीआयवर पैसे परत घ्यायचे. येथे खरेदी खरी असते, घरचा पत्ता खरा असतो, ‘व्हेरिफाइड पर्चेस’ हा शिक्काही खराच असतो. विकत घेतलेले असते ते फक्त मत. त्यामुळे या शिक्क्यावर मी फारसे वजन टाकत नाही.

मात्र हा धंदा इअरफोन, पॉवर बँक, चार्जर, केबल अशा मालात जितका परवडतो तितका फोनमध्ये परवडत नाही. वीस-बावीस हजारांची वस्तू शेकडो लोकांना फुकट वाटून स्टार गोळा करणे महाग पडते, आणि मोठ्या कंपनीला स्तुती करून घेण्याचे दुसरे मार्ग उपलब्ध असतात. म्हणून स्मार्टफोनखालचे बहुतेक रिव्ह्यू खऱ्या माणसांनी, स्वतःच्या पैशाने घेतलेल्या फोनबद्दल लिहिलेले असतात, असे मी धरून चालतो. त्यांची अडचण वेगळीच आहे: ते फार लवकर लिहिलेले असतात.

फोन घरी आल्यानंतर काही दिवसांतच ॲपकडून रिव्ह्यूसाठी सूचना येऊ लागतात आणि लोक तेव्हाच काय ते लिहून मोकळे होतात. तीन दिवस वापरलेल्या फोनबद्दल मत विचारणे म्हणजे लग्नानंतरच्या सत्यनारायणाला आलेल्या पाहुण्यांनी नवदांपत्याला ‘संसार कसा चाललाय?’ म्हणून विचारण्यासारखे आहे. उत्तर चांगलेच येणार, आणि ते खोटे असेल असेही नाही, पण त्यावरून कळत काहीच नाही. या घाईच्या रिव्ह्यूंत फोनपेक्षा बाकीच्याच गोष्टी जास्त असतात: डिलिव्हरी एक दिवस आधी आली, खोका दबलेला होता, एक्सचेंजच्या वेळी जुन्या फोनवर ओरखडा दाखवून डिलिव्हरीवाल्याने किंमत कमी केली. शेवटच्या कारणासाठी फोनला एक स्टार देणारेही असतात, आणि तो एक स्टार त्याच आकड्यात मिसळतो. किमतीचाही असाच परिणाम होतो. दसरा-दिवाळीच्या सेलमध्ये बँकेची सवलत धरून 19,000 मध्ये फोन मिळालेला ग्राहक ‘पैसा वसूल’ म्हणतो तेव्हा तो त्या सौद्याबद्दल बोलत असतो. आपण तोच फोन 24,000 ला घेणार असाल, तर त्याचे समाधान आपल्याला लागू पडत नाही.

हा आकडा बनतो कसा, तेही पाहण्यासारखे आहे. ॲमेझॉन स्वतःच सांगते की दिसणारे रेटिंग ही साधी सरासरी नसते. रिव्ह्यू किती ताजा आहे, लिहिणाऱ्याने वस्तू तेथूनच घेतली आहे का, अशा बाबी विचारात घेऊन ते काढले जाते. एकाच फोनच्या निरनिराळ्या रंगांचे आणि 6 जीबी, 8 जीबी अशा प्रकारांचे रिव्ह्यू बऱ्याचदा एकत्र दाखवले जातात, त्यामुळे ‘फोन अडकतो’ ही तक्रार कोणत्या प्रकाराची आहे हे वरवर पाहून कळत नाही. शिवाय पहिल्या महिन्यात फोन घेणाऱ्यांत त्या कंपनीचे चाहते अधिक असतात, आणि त्यांना अजून एकही मोठे अपडेट मिळालेले नसते. दहा महिने टिकलेल्या 4.1 मध्ये मात्र अपडेट येऊन गेलेले, एक पावसाळा आणि एक उन्हाळा पाहिलेले ग्राहक मिसळलेले असतात. जुलैत आलेल्या फोनबद्दल ‘तापतो’ ही तक्रार डिसेंबरपर्यंत कमी दिसेल. अकोला-चंद्रपूरच्या ग्राहकांचे एप्रिल-मेमधले रिव्ह्यू वाचल्याशिवाय त्या बाबतीत काही ठरवू नये.

काही दोष तर असे असतात की ते पाच स्टार देणाऱ्या प्रामाणिक ग्राहकालाही ठाऊक असणे शक्यच नसते. सॅमसंगच्या गॅलेक्सी नोट 7 चे ऑगस्ट 2016 मध्ये जाणकारांनीही कौतुक केले होते. सप्टेंबरमध्ये बॅटरी पेटण्याच्या घटनांमुळे ते फोन परत मागवावे लागले आणि ऑक्टोबरमध्ये मॉडेलच बंद झाले. गुगलचा पिक्सेल 6ए भारतात जुलै 2022 मध्ये आला. बॅटरी तापण्याचा धोका लक्षात आल्यावर जुलै 2025 मध्ये कंपनीने असे अपडेट आणले की 400 वेळा चार्ज झाल्यानंतर काही फोनांची बॅटरी-क्षमता आणि चार्जिंगचा वेग मुद्दाम कमी केला जाऊ लागला. तोवरच्या तीन वर्षांतल्या रिव्ह्यूंमध्ये यातले काय असणार? ॲमोलेड स्क्रीनवर उभी हिरवी रेघ उमटण्याचा त्रासही याच जातीचा आहे. ती पुष्कळदा एखाद्या अपडेटनंतर, वर्षाची वॉरंटी संपून गेल्यावर दिसते, आणि तेव्हा जुन्या खरेदीच्या पानावर परत जाऊन लिहिणारे थोडेच असतात. तक्रारी इतक्या वाढल्या की वनप्लसला 2024 मध्ये भारतात या रेघेसाठी स्क्रीनची आजीवन हमी जाहीर करावी लागली.

म्हणून नव्या मॉडेलबद्दल जाणून घ्यायचे असेल तर मी त्याच कंपनीच्या, त्याच किमतीच्या, दीड-दोन वर्षांपूर्वीच्या मॉडेलचे पान उघडतो आणि रिव्ह्यू ‘सर्वांत नवे आधी’ या क्रमाने लावतो. अपडेट वेळेवर आले का, स्क्रीन टिकली का, बॅटरी किती उतरली आणि सर्व्हिस सेंटरने बिल दाखवल्यावर दुरुस्ती केली की ‘पाणी गेले आहे’ म्हणून हात वर केले, हे तेथे कळते. हा शेवटचा मुद्दा आपल्या पावसात महत्त्वाचा आहे. पाणी-धुळीला तोंड देण्याचे आयपी 68 वगैरे मानांकन असलेल्या फोनच्या वॉरंटीतही पाण्याने झालेले नुकसान सहसा धरले जात नाही, आणि जाहिरातीतला धबधबा पाहून हे कोणाच्या लक्षात येत नाही.

आता ज्या बाबतीत ग्राहकांचे रिव्ह्यू कोणत्याही जाणकाराच्या परीक्षणापेक्षा सरस ठरतात, ते सांगतो, कारण वडिलांच्या फोनचा खरा संबंध तेथेच आहे. फोन कानाला लावला की स्क्रीन आपोआप काळी व्हायला हवी; त्यासाठी पूर्वी वेगळा सेन्सर असे. स्वस्त आणि मध्यम किमतीच्या अनेक फोनांत आता ते काम सॉफ्टवेअरच्या अंदाजाने किंवा ध्वनिलहरींच्या आधारे केले जाते. अंदाज चुकला की बोलताना स्क्रीन उजळते, गालाने म्यूट किंवा होल्डचे बटण दाबले जाते आणि पलीकडचा माणूस ‘हॅलो, हॅलो’ करत राहतो. तपशिलाच्या तक्त्यात तेथे केवळ ‘प्रॉक्सिमिटी सेन्सर: आहे’ इतकेच लिहिलेले असते, आणि कॅमेरा व गेमिंग तपासणारे व्हिडिओकर्ते तासभर फोनवर बोलून पाहत नाहीत. ग्राहक मात्र ‘कॉल चालू असताना स्क्रीन लागते’, ‘आपोआप म्यूट होतो’ असे अगदी साध्या शब्दांत लिहून ठेवतात. त्या पानावर ‘कॉल’, ‘म्यूट’, ‘सेन्सर’ असे शब्द शोधून पाहावेत. वय झालेल्या किंवा शेतीकाम करणाऱ्या माणसांच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात आणि त्वचा कोरडी असते. स्क्रीनखालचा फिंगरप्रिंट सेन्सर त्यांना कधी कधी ओळखतच नाही, तर कडेच्या बटणातला बहुधा बरा चालतो. हेही ‘आईसाठी घेतला’, ‘बाबांना त्रास होतो’ असे लिहिणाऱ्यांच्याच रिव्ह्यूत सापडते. होम स्क्रीनवर येणाऱ्या जाहिराती, न मागता बसवलेली ॲप आणि कॉल रेकॉर्ड करताना समोरच्याला ऐकू जाणारी घोषणा या तक्रारीही विश्वसनीय मानाव्यात, कारण त्या पहिल्याच आठवड्यात अनुभवाला येतात.

‘नेटवर्क जाते’ या तक्रारीचे वजन मात्र तपशिलावरून ठरवावे. जिओचे 5जी स्वतंत्र जाळ्यावर चालते आणि त्यासाठी 700 मेगाहर्ट्झचा पट्टाही वापरला जातो. एअरटेलने सुरुवात 4जीच्या आधारावर चालणाऱ्या 5जीने केली. त्यामुळे एकच फोन दोन कंपन्यांच्या सिमवर वेगळा वागू शकतो. सिम कोणते, गाव कोणते, आधीच्या फोनवर तेथे रेंज येत होती का, यांपैकी काहीच न सांगणारी तक्रार मी बाजूला ठेवतो. ‘तापतो’ या शब्दाचेही तसेच आहे. उन्हात मोटारीच्या डॅशबोर्डवर नकाशा लावून चार्जिंग सुरू ठेवले तर कोणताही फोन तापेल. व्हॉट्सॲपवरच्या दहा मिनिटांच्या व्हिडिओ कॉलमध्ये तापत असेल तर ती दखल घेण्याजोगी बाब आहे. वेगवेगळ्या महिन्यांत, वेगवेगळ्या शब्दांत, वेगवेगळ्या गावांहून तीच तक्रार येत असेल तर ती खरी समजावी. असे रिव्ह्यू बहुधा दोन आणि तीन स्टारवाल्यांत सापडतात; पाच स्टारवाला आनंदात असतो आणि एक स्टारवाला संतापात.

परदेशी किंवा जुने रिव्ह्यू वाचताना एक सावधगिरी बाळगावी. नाव एक असले तरी आतला फोन एक असेलच असे नाही. सॅमसंगचा गॅलेक्सी एस 21 एफई भारतात जानेवारी 2022 मध्ये एक्सिनॉस 2100 चिपसह आला आणि जुलै 2023 मध्ये त्याच नावाने स्नॅपड्रॅगन 888 सह पुन्हा विकायला ठेवला गेला. तारीख न पाहता वाचणाऱ्याने एका फोनची तक्रार दुसऱ्याच्या माथी मारली असणार.

कायद्याचे म्हणाल तर ई-कॉमर्सविषयीच्या 2020 च्या नियमांनुसार विक्रेत्याने ग्राहक असल्याचे भासवून रिव्ह्यू लिहिण्यास मनाई आहे, आणि भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर 2022 मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस 19000 हे मानकही आणले. मात्र ते ऐच्छिक स्वरूपात लागू झाले. मोबाईल घेताना त्याचा प्रत्यक्ष आधार वाटावा, असे मला तरी काही दिसलेले नाही.

आपल्या दोन मॉडेलांपुरते सांगायचे तर मी दहा महिन्यांपूर्वीचे घेईन, मात्र त्याच्या गेल्या तीन महिन्यांतल्या रिव्ह्यूंत कॉलच्या वेळी स्क्रीन लागण्याची किंवा अपडेटनंतर बिघाड झाल्याची तक्रार पुन्हा पुन्हा दिसत नसेल तरच. नव्या मॉडेलचे 4.4 आणखी तीन-चार महिन्यांनी कोठे स्थिरावतात ते पाहावे. तोवर बहुधा किंमतही उतरलेली असेल. ऑनलाइन घेतल्यास बदलून मिळण्याची मुदत पानावर नीट वाचावी, कारण ती पुष्कळदा सातच दिवसांची असते आणि पैसे परत मिळण्याऐवजी केवळ फोन बदलून मिळतो. खोका उघडतानाचा व्हिडिओ काढावा, *#06# दाबून दिसणारा आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक, खोक्याशी आणि बिलाशी पडताळावा, आणि ‘केवायएम’ ही अक्षरे इंग्रजीत लिहून, एक जागा सोडून, पुढे तो पंधरा अंकी क्रमांक टाकून 14422 वर एसएमएस करावा, म्हणजे फोनची नोंद कळते. त्या मुदतीत दोन्ही सिम घालून रोज लांबलचक कॉल करून पाहावेत. विक्रेता दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आहे.

त्याआधी मात्र एक काम करावे. गावातल्या ज्या दुकानात त्या मॉडेलचा डेमो फोन ठेवलेला असेल तेथे वडिलांना घेऊन जावे. दुकानदाराच्या परवानगीने त्यांचाच अंगठा सेन्सरवर नोंदवून पाच-सहा वेळा लॉक उघडून पाहावे, मग त्यात त्यांचे सिम घालून आपल्याला कॉल करायला सांगावे आणि ते बोलत असताना बाजूला उभे राहून त्यांच्या कानाशी धरलेली स्क्रीन काळी राहते का, ते पाहावे.