‘पोटगी नको, फक्त मुलगी द्या’

“मॅडम, मला त्याचा एक रुपयाही नको. फक्त मुलगी माझ्याकडे राहू दे.” परस्परसंमतीने घटस्फोट घ्यायला निघालेल्या नोकरदार आयांकडून हे इतक्यांदा ऐकलंय की माझा पुढचा प्रश्न ठरलेला असतो : पाळणाघराचे किती देता?

मीनल (नावं बदलली आहेत) या प्रश्नावर चिडलीच. हडपसरला भाड्याचं घर, हातात येणारा पगार ४८ हजार, मुलगी साडेचार वर्षांची. तिला दोन धास्त्या होत्या. मुलगी पाच वर्षांची झाली की कायद्याने बापाकडे जाते, ही एक. मुलगी दिवसभर पाळणाघरात असते हे कोर्टात निघालं की आपण संपलो, ही दुसरी. म्हणून पैशांवर पाणी सोडून ती ताबा पदरात पाडून घ्यायला बघत होती.

१९५६ च्या हिंदू अज्ञान व पालकत्व कायद्यात पाच वर्षांखालचं मूल सहसा आईकडे असावं, एवढंच म्हटलंय. पाचव्या वाढदिवसाला ताबा आपोआप बापाकडे जात नाही. तेव्हाही मुलाचं हित हीच कसोटी. नोकरी आणि पाळणाघर एवढ्यावरून आई नालायक ठरत नाही. आणि मुलीचा खर्च हा मुलीचा हक्क आहे. जो आपला नाहीच, तो मीनल सोडणार कशी?

मीनलचा नवरा निखिल आला तो मोबाइलमध्ये फोटो घेऊन. पाळणाघराच्या वहीची पानं : मुलीला नेल्याची वेळ ७.२५, ७.४०, शेजारी मीनलची घाईघाईची सही. “बघा, हिला वेळच नाही. माझी आई घरीच असते. आमच्याकडे पाळणाघर लागणारच नाही.”

मी म्हटलं, पुढच्या वेळी आईंनाही आणा.

आजी आल्या. कोथरूडला तिसरा मजला, लिफ्ट नाही, दोन्ही गुडघे दुखरे. मुलासमोरच म्हणाल्या, “शनिवार-रविवार खुशाल ठेवा. पण रोज आणायचं, भरवायचं, खाली खेळायला न्यायचं, हे आता माझ्याच्यानं होणार नाही. बाई ठेवावी लागेल.” दिवसभराची बाई पाळणाघरापेक्षा महाग पडते, हे निखिलला बहुधा त्या दिवशीच कळलं. आजी घरात आहे म्हणजे सांभाळ फुकट, असं धरून चालणारे बाप मला नेहमी भेटतात. (आपल्या आईच्या भरवशावर असाच हिशोब करणाऱ्या मुलीही भेटतात.)

मग कागद घेऊन बसलो. निखिलचा देकार होता ‘सगळं धरून महिना १० हजार’. पाळणाघर ८,५००, व्हॅन २,२००, शाळेची वर्षाची ७५ हजार फी महिन्यावर पसरली तर ६,२५०. झाले १६,९५०, दूध, औषधं, कपडे अजून यायचेच होते. शिवाय फी दर जूनला वाढते, ‘सगळं धरून’ची रक्कम मात्र आहे तिथेच राहते.

सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालानुसार पोटगीच्या दाव्यात दोघांनाही उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. आई पुरेसं कमावती असेल, तर मुलांचा खर्च दोघांत प्रमाणात वाटता येतो, असंही त्यात आहे. निखिलचा पगार ९६ हजार, म्हणजे सरळ दोनास एक. त्याच्या वाट्याला आले ११,३००. मीनलचे डोळे विस्फारले. एकही रुपया न मागता ती निघाली होती.

खरी रस्सीखेच झाली मे महिन्यावरून. शाळा बंद, पाळणाघर पूर्ण दिवसाचं, फी १२,५००. “शनिवार-रविवार ती माझ्याकडे असते, मग माझे कमी करा,” असं निखिलचं म्हणणं. पण पाळणाघर सोमवार ते शुक्रवारच असतं आणि फी महिन्याची असते. सुट्टीच्या दोन दिवसांनी तिथे काहीच वाचत नाही. शेवटी मेमध्येही तेच प्रमाण ठरलं, आणि त्यातले दोन आठवडे निखिलने रजा काढून मुलीला कोथरूडला ठेवायचं.

कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे दोघांनी मान्य केलेल्या लेखी अटींमध्ये, सांभाळ, शाळा आणि घरखर्च अशी तीन वेगळी कलमं लिहिली. ताबा मीनलकडे. बुधवार-शुक्रवार संध्याकाळी निखिल मुलीला आणणार. सातनंतरचा उशिराचा आकार ज्याची पाळी त्याने भरायचा, हे कलम त्याच्याच आग्रहाने आलं. पहिल्याच महिन्यात हडपसरच्या ट्रॅफिकने त्याला दोनदा भरायला लावला. वहीच्या पानांचे फोटो मात्र नंतर आले नाहीत.

मुलगी पहिलीत गेली की शाळेची वेळ वाढेल आणि पाळणाघराचे तास कमी होतील. तेव्हा हे आकडे पुन्हा मांडायचे आहेत. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली मुलांबाबतचे आदेश बदलून घेता येतात. त्यासाठी पाळणाघराच्या पावत्या लागतील, म्हणून त्या फाइलला लावून ठेवायला दोघांनाही सांगितलंय.