मेगरच्या आकड्याशेजारी तापमान लिहा

रबाळ्याचे मेंटेनन्स इंजिनिअर विचारतात: ६.६ केव्ही मोटरचं मेगर रीडिंग (मेगर म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजणारं यंत्र) डिसेंबरात २००० मेगओहम होतं, जुलैत ४०० आलं. मोटर रिवाइंडला, म्हणजे नव्याने तारा गुंडाळायला, पाठवावी का?

अजिबात नको. तुम्ही पाठवलेल्या तक्त्यातच उत्तर आहे. डिसेंबरात मोटर आठवडाभर बंद होती, वाइंडिंग (आतलं तारांचं गुंडाळं) २५ अंशांवर. जुलैत मोटर थांबवून लगेच मेगर लावला, वाइंडिंग ५५ अंशांवर. तापमान १० अंशांनी वाढलं की रीडिंग साधारण निम्मं होतं, हा आपला जुना ठोकताळा. २००० चे १०००, मग ५००, मग २५०. म्हणजे २५० अपेक्षित होते, तुम्हाला ४०० मिळाले! रीडिंगची तुलना ४० अंशांवर आणून करतात, त्या हिशेबाने हे हजाराच्या वर जातं. अशा मोटरीला किमान १०० मेगओहम लागतात.

तरी पावसाळा आहे, म्हणून मेगर १० मिनिटं चालू ठेवा. दहाव्या मिनिटाच्या रीडिंगला पहिल्या मिनिटाच्या रीडिंगने भागा. उत्तर २ च्या खाली आलं तर ओल किंवा मळ धरा, साफ करून, सुकवून पुन्हा मोजा. आणि चाचणीनंतर वाइंडिंग निदान ४० मिनिटं अर्थला जोडून ठेवा. त्यात साठलेला चार्ज माणसाला झटका देतो.

तुर्भ्याहून: पावसात २२ केव्ही पॅनेलजवळ उग्र वास येतो, बारीक चुरचुर ऐकू येते. मेगर मात्र उत्तम.

हे पत्र वाचून मला काळजी वाटली. तो वास ओझोनचा असणार, म्हणजे पार्शल डिस्चार्ज (इन्सुलेशनमध्ये किंवा त्याच्या पृष्ठभागावर होणारी बारीक विद्युत गळती) चालू आहे. तुमचा मेगर ५ केव्ही डीसीचा. पॅनेलमध्ये फेज ते अर्थ १२.७ केव्ही एसी असतं. मेगरला हा दोष दिसेलच असं नाही.

वागळे इस्टेटमध्ये असंच एक पॅनेल शटडाऊन घेऊन उघडलं होतं. टर्मिनेशनखाली (केबल पॅनेलला जोडतात त्या जागेखाली) केबलच्या दोन फेजच्या कोर एकमेकींना टेकल्या होत्या आणि नेमक्या तिथेच पांढरी भुकटी जमली होती. पॅनेल कोरडं ठेवणाऱ्या स्पेस हीटरचा एमसीबी (स्विच) वीज वाचवायला बंद ठेवलेला. ओल, ओझोन आणि त्यातून होणारं नायट्रिक ॲसिड इन्सुलेशन कुरतडत होतं.

अल्ट्रासॉनिक (डिस्चार्जचा आवाज टिपणाऱ्या) आणि टीईव्ही (पॅनेलच्या पत्र्यावरचे विद्युत स्पंद टिपणाऱ्या) सेन्सरने बाहेरून, दार न उघडता तपासणी करून घ्या. लवकरात लवकर शटडाऊन मागा. तोवर तिथे कोणाला विनाकारण उभं राहू देऊ नका.

महापे: ट्रान्सफॉर्मर ऑइलचा बीडीव्ही (किती व्होल्टेजला तेल फुटतं ते) ६० केव्ही आहे. डीजीए (तेलात विरघळलेल्या वायूंची तपासणी) करायलाच हवा का?

हवाच. बीडीव्ही ओल आणि कचरा दाखवतो. आत ठिणगी उडतेय का ते विरघळलेले वायू सांगतात. ॲसिटिलीन नव्याने दिसू लागलं तर पुढचा नमुना वर्षाने नको, काही दिवसांतच घ्या.

तळोजा: जुन्या एक्सएलपीई (प्लास्टिक इन्सुलेशनच्या) केबलला डीसी हायपॉट (जास्त व्होल्टेज देऊन घ्यायची चाचणी) चालेल?

नको. डीसीमुळे जुन्या इन्सुलेशनमध्ये चार्ज अडकून राहतो आणि चाचणीत पास झालेली केबल पुन्हा चालू केल्यावर उडू शकते. ०.१ हर्ट्झची व्हीएलएफ (अतिकमी फ्रिक्वेन्सीच्या एसीची) चाचणी करा, सोबत टॅन डेल्टाही (इन्सुलेशनमधला ऊर्जाऱ्हास दाखवणारं मोजमाप) घ्या.