भातखाऊ कोकणात गव्हाचं दुखणं

प्रश्न : ताई नमस्कार. माझी मुलगी १९ वर्षांची, दोन वर्षं पुण्यात हॉस्टेलला आहे. गेलं वर्षभर सारखी थकलेली, पोट फुगतं, केस गळतात, हिमोग्लोबिन ७.८. लोहाच्या गोळ्या आठ महिने घेतल्या तरी आकडा ढिम्म हलला नाही. शेवटी एका डॉक्टरांनी रक्ताची टीटीजी टेस्ट केली, मग दुर्बीण घालून आतड्याचे तुकडे तपासले आणि सांगितलं सिलिॲक आहे, गहू जन्मभर बंद. आम्ही तर मूळचे भात-भाकरीवाले, आमच्यात हे कुठून आलं? सासूबाई म्हणतात, "वायच खाल्ल्यान तर काय होता?" त्यांना काय सांगू? आणि धाकटा मुलगा ठणठणीत आहे, त्याचीही तपासणी करायची का?
– एक आई, देवगड

उत्तर : आधी एक सांगते, आठ महिने गोळ्या खाऊन रक्त वाढत नाही तेव्हा पोरीलाच "तू गोळ्या टाकून देत असशील" म्हणून बोलणारी घरं मी खूप बघितलीत, तुमच्याकडे तसं झालं असेल तर आजच्या आज तिची माफी मागून टाका. गोळी पोटात जात होती पण अंगी लागत नव्हती. आपल्या लहान आतड्याला आतून तरव्यासारखी दाट, बारीक बारीक बोटं असतात, अन्नातलं सत्त्व ती ओढून घेतात. सिलिॲकमध्ये गहू, जव आणि राय या धान्यांतलं ग्लुटेन नावाचं प्रथिन पोटात गेलं की शरीराची स्वतःचीच संरक्षण यंत्रणा उलटते आणि गुरं शिरून तरवा सपाट करावा तशी ती बोटं झिजवून टाकते. लोह शोषलं जातं ते मुख्यतः आतड्याच्या सुरुवातीच्या भागात, आणि सगळ्यात जास्त मार बसतो तोही तिथेच.

कुठून आलं म्हणाल तर त्याचा कल जन्मापासूनच अंगात असतो. डीक्यू२ आणि डीक्यू८ नावाची जनुकं आहेत, सिलिॲकच्या जवळजवळ प्रत्येक माणसात यातलं एक तरी सापडतंच, पण ही जनुकं असणाऱ्या बहुतेकांना आजार कधीच होत नाही. जगात साधारण शंभरात एकाला हा आजार असतो, आपल्या देशात उत्तरेकडे, जिथे तिन्ही त्रिकाळ गहू, तिथे जास्त दिसतो. आपल्याकडे घरी दोन वेळा भात, चपाती झाली तर एखादी डब्यात, आणि हॉस्टेलला गेल्यावर सकाळी ब्रेड, दुपारी पोळ्या, रात्री पुन्हा पोळ्या, म्हणजे आजार पुण्याने दिला असं नाही, आतला धुमसता निखारा तिथे गेल्यावर वर आला असावा एवढंच.

आता सासूबाई. त्यांच्याशी वाद घालू नका, एक चपाती ताटात घ्या आणि त्यांच्यासमोर तिचे साठ तुकडे करा. घरच्या मध्यम चपातीत साधारण ३ ग्रॅम ग्लुटेन असतं आणि रोज ५० मिलीग्रॅम महिनोन्महिने पोटात गेलं तरी सिलिॲकवाल्यांच्या आतड्याला इजा होते असं अभ्यासात दिसलंय. ५० मिलीग्रॅम म्हणजे त्या साठ तुकड्यांतला एक. 'वायच' म्हणजे किती ते मग त्यांना डोळ्यांनीच दिसेल. तेवढ्यावरही ऐकल्या नाहीत तर गोष्ट सांगा, म्हाताऱ्या माणसांना गोष्ट पटते. दुसऱ्या महायुद्धात १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये खायचे वांधे झाले, पाव मिळेना, लोक ट्यूलिपचे कंद शिजवून खात होते, आणि अशा दिवसांत दवाखान्यातली सिलिॲकची मुलं मात्र सुधारली, पाव परत आला तशी परत आजारी पडली. विलेम डिके नावाच्या मुलांच्या डॉक्टरांना गव्हाचा संशय आधीपासून होता, १९५० मध्ये त्यांनी तो प्रबंधात मांडला. तोवर हा आजार नेमका कशाने होतो हेच माहीत नव्हतं.

खायला काय द्यायचं याची काळजी तुम्ही करूच नका. तांदळाची भाकरी, नाचणीची भाकरी, घावणे, आंबोळी, शिरवाळे, उकडीचे मोदक, पातोळ्या, सांदणं, उपासाची वरी आणि साबुदाणा, सगळं मुळात बिनगव्हाचं. शहरातले लोक 'ग्लुटेन फ्री' लिहिलेल्या पिठाला तिप्पट पैसे मोजतात आणि आपण तेच तांदळाचं पीठ डब्यात घेऊन बसलोय! नाचणीत तर १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलीग्रॅमच्या आसपास कॅल्शिअम असतं, तिला ते हवंच आहे.

घोळ होतो तो चोरट्या गव्हाने, आणि इथे माझीच चूक सांगते. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक मुलगा यायचा, दहा-अकरा वर्षांचा, आई अगदी काटेकोर, चपाती, बिस्कीट, पाव सगळं घरातून हद्दपार, तरी आठ महिन्यांनी रक्तातला टीटीजीचा आकडा, जो गहू सुटल्यावर उतरायला हवा, होता तिथेच. मी चक्क त्या बाईंवरच शंका घेतली, मुलगा शाळेत काही खात असेल बघा म्हटलं. शेवटी त्यांच्या घरी गेले, ओट्यापाशी उभी राहिले, त्यांनी आमटीला फोडणी दिली, मोहरी तडतडली, डबीतलं हिंग टाकलं आणि मी डबी उचलून मागचं बारीक अक्षर वाचलं : गव्हाचं पीठ. बाजारात मिळतं ते बहुतेक बांधाणी हिंग, अस्सल हिंगाचा चीक फार उग्र म्हणून त्यात डिंक आणि कसलं तरी पीठ मिसळतात, कुणी तांदळाचं वापरतं तर कुणी गव्हाचं. माझ्या यादीत हिंग नव्हतंच.

त्याच दिवशी त्यांच्याबरोबर गिरणीतही गेले. आमच्या पुढे एकजण गहू दळत होता. त्याचं झालं, मग बाईंचे तांदूळ वर ओतले, आणि खाली त्या कापडी बाहीतून डब्यात पहिलं पीठ पडलं ते चक्क पिवळसर! आधीच्या माणसाचा गहू. नंतर पांढरं शुभ्र यायला लागलं. मुलाची भाकरी रोज त्या पिठाची. बाई तिथेच रडायला लागल्या, आणि मला मान वर करवेना. गिरणीतली हवाही पिठाने भरलेली असते, त्यामुळे आधी दोन पायल्या दुसरं काही दळून घेतलं की झालं असंही धरून चालू नका. जमत असेल तर घरघंटी घ्या आणि तिच्यात गहू म्हणून घालू नका, नाहीतर जुनं जातं माळ्यावर असेल तर स्वच्छ धुऊन वाळवून वापरा, तेही नाही तर घावणे-आंबोळ्यांसाठी तांदूळ भिजवून मिक्सरला वाटा, दळणाचा प्रश्नच मिटला.

बाकी कुरडया गव्हाच्या असतात, थालीपिठाच्या भाजणीत बहुतेक घरी गहू असतो, आणि कोंबडी-वड्याच्या पिठाचं प्रमाण तर प्रत्येक घरचं वेगळं, कुठे मूठभर गहू घालतात कुठे नाही, तेव्हा विचारल्याशिवाय वडा नको. सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा रव्याचा, त्याला हात जोडायचे आणि केळं घ्यायचं. देवाला चालतं, शेजारणीला चालत नाही कधी कधी, तिथे तुम्ही आई म्हणून पुढे व्हा, पोरीला एकटीला "नको" म्हणायला लावू नका. तवा, पोळपाट-लाटणं आणि चाळण तिची वेगळी ठेवा. चाळण विसरू नका, जाळीत पीठ अडकून राहतं.

धाकट्याची तपासणी करा, ठणठणीत असला तरी, आणि तुम्हा दोघांचीही. सख्ख्या नात्यात साधारण दहात एकाला सापडतो आणि कित्येकांना काहीही त्रास होत नसतो. मुलीच्या डॉक्टरांना ड जीवनसत्त्व, बी१२ आणि थायरॉइडचंही विचारा. सुरुवातीला काही महिने दूध पचलं नाही तर घाबरू नका, आतडं भरत आलं की बहुतेकांना परत पचतं.

प्रश्न : वय ४६. चपाती खाल्ली की पोटात गुबारा धरतो, म्हणून मोबाईलवर व्हिडिओ बघून चार महिन्यांपूर्वी गहू सोडला. खूप बरं वाटतंय. आता डॉक्टर म्हणतात टेस्ट करायची तर परत चपाती खा. बरं वाटत असताना विष कशाला खाऊ?
– चिपळूणहून एक वाचक

उत्तर : भाऊ, घोडं आणि गाडी उलटी जुंपलीत तुम्ही. टीटीजी टेस्ट शोधते ती ग्लुटेनविरुद्ध शरीर जे चिडलंय त्याच्या खुणा, ग्लुटेनच बंद केलं तर खुणा विरत जातात, आतडंही भरायला लागतं आणि मग रिपोर्ट नॉर्मल येऊनही त्याला काही अर्थ राहत नाही. म्हणून टेस्टआधी साधारण ६ ते ८ आठवडे रोज गहू खावा लागतो, किती ते तुमचे डॉक्टर ठरवतील. फार त्रास होत असेल तर आधी जनुकांची तपासणी करता येते का विचारा, ती खाण्यावर अवलंबून नसते, डीक्यू२ आणि डीक्यू८ दोन्ही नसतील तर सिलिॲक जवळजवळ नाहीच म्हणायला हरकत नाही. असतील तर मात्र त्याने काही सिद्ध होत नाही, चपाती खावीच लागेल. आणि टीटीजीबरोबर एकूण आयजीए मोजायला सांगा, हे रक्तातलं एक प्रतिपिंड, नेहमीची टीटीजी टेस्ट त्याच्यावरच चालते, काही लोकांत ते मुळातच कमी असतं आणि मग टेस्ट फसते.

एवढा खटाटोप कशाला असं वाटेल, पण गव्हाने पोट बिघडायची दुसरीही कारणं असतात आणि त्यात कधीमधी खाल्लेला वडापाव चालून जातो. सिलिॲक असेल तर तो वडापाव आयुष्यात परत नाही. नक्की काय आहे ते कळायला नको?

प्रश्न : सिलिॲकवाल्याला माल्ट चालतं का? आमच्याकडे नाचणीचं करतात.
– मालवण

उत्तर : घरी मोड आणून, भाजून, घरीच दळलेलं नाचणीचं चालतं. पाकिटावर नुसतं 'माल्ट' लिहिलेलं असेल तर ते बहुतेक जवाचं, ते नाही. बिअरही जवाचीच, विचारलं नाहीत तरी सांगून ठेवते.

प्रश्न : तारकर्लीला आमचं छोटं होमस्टे आहे. मे महिन्यात एक कुटुंब येतंय, त्यांच्या मुलाला सिलिॲक आहे, आईचा फोनवर आवाज इतका काळजीचा होता की मलाच टेन्शन आलं. काय वाढू?
– एक वहिनी

उत्तर : वहिनी, तुमचं नेहमीचंच ताट वाढा. भात, माशाची कढी, सोलकढी, घावणे. फक्त मासे रव्यात घोळवून तळू नका, रवा म्हणजे गहूच, तांदळाच्या पिठात घोळवा, बांगडा तसाही त्यात जास्त कुरकुरीत होतो असं माझं मत आहे, माझ्या नवऱ्याचं नाही. ते पीठ गिरणीतलं नको, तांदूळ धुऊन वाळवा आणि मिक्सरला काढा. त्याचे मासे सगळ्यात आधी, ताज्या तेलात आणि घासून स्वच्छ केलेल्या तव्यावर तळा, रव्याचे नंतर. हिंग वगळा, चार दिवस कुणी मरत नाही. मसाला घरचा असेल तर उत्तम, विकतचा असेल तर पाकीट फेकू नका, त्याच्या आईला वाचायला द्या, त्या बायकांचे डोळे आपल्यापेक्षा तयार असतात. 'ग्लुटेन फ्री' लिहायचं तर किलोमागे २० मिलीग्रॅमच्या आत ग्लुटेन असावं लागतं, त्यामुळे तो शब्द असलेलं पाकीट बिनधास्त वापरा.

आणि संध्याकाळी चहाबरोबर सवयीने बिस्किटाची बशी पुढे जाते ना, ती त्या दिवसांत आतच ठेवा. मे महिना आहे, आठळ्या उकडून द्या मीठ घालून.