इतका शिकलेला माणूस, अन् काढे विकतो!

"संगणकशास्त्रात पीएचडी केलेला माणूस काढ्याच्या बाटल्या विकतो, मॅडम. लोकांना काय सांगू जी?" नागपूरच्या धरमपेठेतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत ती नीट टेकलीही नव्हती. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

नवरा ४४ वर्षांचा. मिहानमधल्या आयटी कंपनीतली नोकरी सोडून वर्ष झालं. आता रविवारी शिबिरं, दारावर 'मधुमेह मुळापासून बरा' असा फ्लेक्स, आणि फ्लॅटचा हप्ता हिच्या शाळेच्या पगारातून.

'इतका शिकलेला माणूस असा कसा?' हे मी वर्षातून चार-पाचदा तरी ऐकते. लायनस पॉलिंग यांना १९५४ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, १९६२ चं शांततेचंही. तरी पुढे क जीवनसत्त्वाचे मोठे डोस सर्दीवर, कॅन्सरवरसुद्धा चालतात, असं ते हिरिरीने सांगत राहिले. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या १९७९ आणि १९८५ च्या चाचण्यांत कॅन्सरच्या रुग्णांना त्याचा फायदा दिसला नाही. पॉलिंग मात्र बधले नाहीत. हुशार माणसाला स्वतःची बाजू मांडायला मुद्दे जास्त सुचतात, एवढंच. म्हणून मी पॅथीवर वाद घालत नाही. तो माझा विषयही नाही. कधीपासून आणि कशामुळे, ते विचारते.

पुढच्या वेळी तो स्वतः आला, लॅपटॉप घेऊन. दोन वर्षं कंबर धरलेली, एमआरआयमध्ये विशेष काही नाही, आणि डॉक्टरांनी तीन मिनिटांत बाहेर काढलेलं. मग एका वैद्यांनी तासभर ऐकून घेतलं. (हा तासभर मला फार महत्त्वाचा वाटतो. आपल्या ओपीडीत तो मिळत नाही, हे त्याचं दुखणं खोटं नव्हतं.) काढा सुरू झाला आणि कंबर मोकळी झाली.

"त्याच सुमारास आणखी काय बदललं?"

अमेरिकेच्या वेळेनुसार चालणारे रात्रीचे कॉल बंद झाले होते. सकाळी फुटाळा तलावावर फिरणं सुरू झालं होतं. वजन आठ किलोनं उतरलं होतं.

"एका रिलीजमध्ये चार बदल केले आणि बग गेला, तर कोणत्या बदलानं गेला म्हणाल?"

तो हसला. मग लगेच म्हणाला, "पण बाबांचं काय? त्यांची तर गोळी बंद केली, तरी शुगर कंट्रोलमध्ये आहे." आणि स्क्रीन माझ्याकडे फिरवली. पाच महिन्यांच्या नोंदी, तारीखवार, उपाशीपोटीची साखर हिरव्या रंगात.

इथे मात्र मी गप्प बसले नाही. वैद्यकीय सल्ला मी देत नाही, पण गोळी थांबवायची की नाही हे बाबांच्या डॉक्टरांशी बोलून ठरतं, हे स्पष्ट सांगितलं. फ्लेक्सचंही सांगितलं: मधुमेह बरा करतो अशी औषधाची जाहिरात करायला आपल्याकडे १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे. त्याला हा कायदा माहीतच नव्हता. आणि पुढच्या वेळी बाबांना आणा म्हटलं.

बाबा ७३ वर्षांचे, पांढरा सदरा, हातात पानाचा डबा. मुलगा नोंदी समजावून सांगत होता, ते मान डोलावत होते. मी त्यांना एवढंच विचारलं, "तुम्हाला गोळी सोडायची होती का?"

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग डबा उघडला. सुपारीच्या खणात, कातरलेल्या सुपारीखाली, मेटफॉर्मिनची पट्टी होती. चार गोळ्या शिल्लक.

"रोज जेवल्यावर घेतो. कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून आणतो."

"पाच महिने?"

"काढाही घेतो ना! तू त्या कागदाकडे पाहून खूश होता बाप्पा, मग काय सांगू?"

सूनबाईंनी तोंडावर पदर धरला. हसू होतं की रडू, मला कळलं नाही. तो चिडला नाही. कितीतरी वेळ त्या हिरव्या रकान्यांकडे पाहत राहिला. मग सकाळची साखर आणि काढा यांच्यामध्ये एक नवा रकाना घातला, वर 'गोळी' असं लिहिलं आणि बाबांना विचारलं, "कोणत्या तारखेपासून, आठवतं का?"